उक्त रजिस्टर

वकील सबनीस सरांचा मेल सकाळी सव्वानऊला आला. 'प्रिय उर्वशी' अशी त्याची सुरुवात होती. नूतन देवगडेने तो उभ्याउभ्याच वाचला, कूलरमध्ये ओतायच्या पाण्याची बादली एका हातात तशीच धरून, आणि मग पुन्हा एकदा वाचला. तिचं नाव नव्हतं असं नाही. पण ते वरच्या ओळीत नव्हतं. खाली, सीसीच्या ओळीत होतं, कंपनीचा मॅनेजर आणि नागपूरच्या ऑफिसातला कारकून यांच्या मधोमध. या पेटंटबद्दल अकरा वर्षांत जे काही पत्र आलं ते तिच्या नावाने आलं होतं. बादली जड झाली तेव्हा तिने ती खाली ठेवली, पाणी हिंदकळून पायावर आलं. एवढंच झालं. मागच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता, रस्त्यावरून ड्युटीवर जाणाऱ्या दुचाक्या जात होत्या, बल्लारपूरची सकाळ रोजच्यासारखीच तापायला लागली होती. आणि तिला मात्र वाटलं, आपण जेवायला बसलेल्या पंगतीत कुणीतरी आपलं पान न बोलता उचलून एक घर खाली सरकवलं आहे.

भांडण एका शब्दाचं होतं. प्रोसेसरच्या अगदी हाताशी, आकडे क्षणभर ठेवायला इवलाल्या जागा असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात आणि प्रोग्राम त्यांना नावाने हाक मारतो. हैदराबादच्या एका छोट्या कंपनीने युक्ती काढली होती, की चालू काम मध्येच थांबवावं लागलं तरी रजिस्टरातला आकडा बाहेर नेऊन ठेवावा लागू नये. काम पुन्हा सुरू झालं की तो जागच्या जागी मिळावा. नूतन तेव्हा पुण्यात होती, एकोणतीस वर्षांची, नुकतीच पेटंट एजंटची परीक्षा पास झालेली. पेटंटचे दावे, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणारी कलमं, तिनेच लिहिले. पहिल्या दाव्यात तिने लिहिलं, की मूल्य एका रजिस्टरात ठेवलं जाईल आणि पुढे ते 'उक्त रजिस्टरातून' वाचलं जाईल. इंग्रजीतलं 'सेड', आपल्याकडच्या दस्तऐवजातलं 'उक्त'. आधी सांगितलं तेच. यात कुणाला काय शंका येणार? पण एका मोठ्या कंपनीने तीच युक्ती आपल्या चिपमध्ये वापरली आणि कोर्टात सांगितलं, आमच्याकडे नावं थोडी आणि जागा जास्त. आत्ता ज्या जागेला चौथं रजिस्टर म्हणतात, पुढच्या क्षणी ते नाव दुसऱ्याच जागेला दिलेलं असतं. तुमचं 'उक्त रजिस्टर' म्हणजे तीच जागा. आमच्यात जागा ती राहत नाही. मग आम्ही तुमचं घेतलं काय? खालच्या कोर्टाला ते पटलं. आता उच्च न्यायालयात अपील होतं, दोन न्यायाधीशांसमोर, आणि साऱ्याचा निकाल एवढ्यावर लागायचा होता, की 'उक्त रजिस्टर' म्हणजे नाव, की जागा. हैदराबादच्या कंपनीत चाळीस माणसं होती, आणि अपील हरलं तर कंपनी बंद करावी लागेल असं मालकाने मीटिंगमध्ये इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं की नूतनला स्क्रीनकडे बघवलं नव्हतं. तिचा एक शब्द. एकोणतिसाव्या वर्षी, आत्मविश्वासाने लिहिलेला.

मेलमध्ये सरांनी लिहिलं होतं, की उर्वशीने काढलेला सातव्या दाव्याचा मुद्दा हाच आता आपला मुख्य युक्तिवाद राहील. सातव्या दाव्यात म्हटलं होतं: 'पहिल्या दाव्यातली पद्धत, जिच्यात उक्त रजिस्टर हे एकच प्रत्यक्ष रजिस्टर असेल.' पहिल्या दाव्यातल्या रजिस्टराचा अर्थ मुळातच 'तीच प्रत्यक्ष जागा' असा असता, तर सातवा दावा वेगळा लिहायचं कारणच काय होतं? ज्याअर्थी तो लिहिला, त्याअर्थी पहिला दावा त्याहून मोठा आहे. त्यात नावही येतं. 'इतकं सोपं,' सरांनी लिहिलं होतं, 'आणि आजवर आपल्यापैकी कुणालाच दिसलं नाही.' नूतन त्या 'कुणालाच'वर थांबली. सातवा दावाही तिनेच लिहिला होता. कशासाठी लिहिला ते तिला आठवत नव्हतं. शेवटच्या दुपारी, दावे कमी वाटतात म्हणून घातला असेल, किंवा खरंच पुढचा विचार करून. अकरा वर्षं तो तिथे होता, तिच्या अक्षराइतका तिचा, आणि त्याच्यावरची धूळ झटकून दाखवली ती धानोऱ्याच्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीने. तिच्या तोंडाला कच्च्या टेंभरासारखी तुरट चव आली. तिने चूळ भरली तरी ती गेली नाही.

उर्वशी उसेंडीला तिनेच घडवलं होतं. असं म्हणायला कुणाची हरकत नव्हती. उर्वशी स्वतःच ते सगळ्यांना सांगायची, आणि नूतनला ते पूर्वी आवडायचंही. सहा वर्षांपूर्वी ती नूतनच्या हाताखाली आली तेव्हा चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती, आणि कायद्याच्या कागदाकडे कोडं सोडवायला बसल्यासारखी बघायची. नूतनने तिला दावा वाचायला शिकवला. आधी क्रियापद शोध. स्वल्पविरामाला हलका समजू नकोस. जो शब्द दोनदा आला तो दोन्हीकडे एकाच अर्थाने आला का, ते विचार. आणि घाबरल्यावर कधी वाचू नकोस. घाबरलेला माणूस जे वाचायचं ते सोडून भलतंच वाचतो. हे शेवटचं वाक्य नूतन सगळ्या नव्या मुलांना सांगायची. उर्वशी ते वहीत लिहून घ्यायची आणि मान वर करून म्हणायची, "असं होय! आता समजलं, ताई." तेव्हा नूतनला आपलं वय झाल्यासारखं वाटायचं, पण सुखाने. मग बाबांचं ऑपरेशन झालं, लॉकडाऊन लागला, नूतन पुणं सोडून बल्लारपूरला आली आणि घरूनच नागपूरच्या ऑफिसचं काम करू लागली. उर्वशीही आईपाशी धानोऱ्याला राहून काम करू लागली. दोघी दोन टोकांना. तरी रोजचे दोन-तीन फोन ठरलेले. ते नेमके कधी कमी झाले हे आता आठवायला गेलं तर आठवेना.

त्याच दिवशी दुपारी तीनला मीटिंग होती. स्क्रीनवर सबनीस सर, त्यांचे दोन सहकारी, कंपनीचे लोक, आणि कोपऱ्यात उर्वशी, मागे तिच्या घराची निळी भिंत. सर म्हणाले, मुद्दा पक्का आहे, पण नाव आणि जागा यांतला फरक न्यायाधीशांना एका घोटात समजला पाहिजे. नूतनने तोंड उघडलं. तिने आदल्या रात्री बारा ओळींचं टिपण तयार केलं होतं, आकृतीसकट. पण त्याआधी उर्वशी बोलून गेली. "सर, माझी आई आठवडी बाजारात बसते, मोहफुलं, चारोळी, हिरडा घेऊन. ज्याले पायजे तो विचारतो, उसेंडीबाईची जागा कुठी हाये? मग कोणीही दाखवतो. पण आई एकाच ठिकाणी थोडी बसते! आज चिंचेखाली, पुढच्या बाजारी हापशीजवळ, जिथी सावली मिळाली तिथी. तरी ती 'उसेंडीबाईची जागा'च राहते. गिऱ्हाईक बरोबर येते. त्याले जमिनीचा तुकडा नाई पायजे, सर. त्याले चारोळी पायजे." सर खळखळून हसले. "हेच सांगतो," ते म्हणाले, "शब्दही बदलत नाही." मग त्यांनी विचारलं, "नूतन, तुम्ही काही म्हणत होतात?" "नाही सर," ती म्हणाली, "तेच म्हणणार होते." टिपण तिने मिटवून टाकलं.

तेच म्हणणार होते. हे खोटं होतं आणि पुरतं खोटंही नव्हतं, म्हणून ते अधिक सलत होतं. बाबा, डोमाजी देवगडे, पेपर मिलमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांचा बिल्ल्याचा नंबर दुसऱ्या कुणा तरुण माणसाला मिळाला होता. बाबा अजूनही तो नंबर सांगून हसतात, की बिल्ला ड्युटीवर हाये अन् मी खाटेवर. नाव एक, माणसं दोन. अकरा वर्षं हे तिच्या घरात होतं आणि एकदाही तिने ते मीटिंगच्या टेबलावर ठेवलं नव्हतं. ठेवणार कशी? पुण्यात पहिल्याच वर्षी होस्टेलच्या जेवणघरात ती "मले भात नाई पायजे" म्हणाली होती, आणि समोरची मुलगी वाईट न हसता, गोड हसली होती. त्या गोड हसण्याने तिची जीभ कापून काढली. सहा महिन्यांत तिचं 'मले' गेलं, 'काऊन' गेलं. मग बिल्ला गेला, मिल गेली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं बल्लारपूर गेलं. ती चोख झाली. देवगडे आडनावाच्या मुलीने चुकून चालत नाही. दुसऱ्या कुणाची चूक ही चूक असते, आपली चूक लोक भलत्याच खात्यावर टाकतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने ते हवेतून घेतलं होतं. आणि ही मुलगी, हिला काहीच कापावं लागलं नाही. ही धानोऱ्यातून, आईच्या टोपल्यांशेजारी बसून, 'पायजे' म्हणते आणि मोठे वकील हसून शब्द उचलतात. काळ बदलला म्हणावं, तर तो नूतनसाठी दहा वर्षं आधी का बदलला नाही? उर्वशीचा यात काय दोष, हे ती स्वतःला सांगत होती. सांगून सांगून तिच्या कानशिलांत ठणका लागला.

चार दिवसांनी उर्वशीचा फोन आला. "ताई, एक विचारू का? परीक्षणाच्या वेळचा अजून काही पत्रव्यवहार हाये का, जो मले दिसला नसन? समोरचे वकील बदलले. ते आता सगळं उकरून काढतीन." नूतन खिडकीपाशी उभी होती. गजांवर कोळशाची बारीक धूळ बसली होती, तिने त्यावरून बोट फिरवलं. आणि तिला एक वाक्य आठवलं. पेटंट मंजूर होण्याआधी परीक्षकाने एका जुन्या अमेरिकन पेटंटचा दाखला देऊन अडवलं होतं. सुनावणी झाली. त्यानंतर तिने दोन पानांचं उत्तर लिहून दिलं होतं, घाईत, मुदतीच्या दिवशी, आणि त्यात होतं: 'प्रस्तुत शोधात मूल्य एकाच प्रत्यक्ष रजिस्टरात राहते, हाच फरक होय.' तिची सही, तिचा नोंदणी क्रमांक. ते पत्र 'इतर' नावाच्या गठ्ठ्यात स्कॅन करून टाकलेलं होतं, शोधून सहज सापडणार नाही असं. समोरच्यांना ते मिळालं तर त्यांचे वकील उभे राहून म्हणतील, पाहा, यांनीच तर सांगितलं होतं की तीच जागा. पेटंट घेताना एक बोलायचं आणि आता दुसरं? मग सातव्या दाव्याचा तो सुंदर मुद्दा जागच्या जागी कोसळेल. सांगायला पाहिजे होतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. "ताई? आवाज येते का?" उर्वशी विचारत होती. "येतोय," नूतन म्हणाली. "नाही, दुसरं काही नाही. आहे ते सगळं फाईलमध्ये आहे." फोन ठेवल्यावर तिने पाहिलं, धुळीवर तिच्या बोटाची स्वच्छ रेघ उठली होती, आणि बोट काळं झालं होतं.

का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी तिने स्वतःला सांगितलं, की लाज वाटली म्हणून. ते खरं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना तिच्या मनात आपोआप एक चित्र उभं राहिलं: कोर्टात समोरचा वकील ते पत्र वर धरतो आहे, आणि उर्वशी, सत्तावीस वर्षांची, सगळ्यांची लाडकी, स्क्रीनच्या कोपऱ्यात पांढरी पडते आहे. चित्र इतकं गोड होतं की तिचा हात थांबला. त्यात पत्रावरची सही कुणाची आहे हे दिसतच नव्हतं. मत्सर असा आंधळा असतो, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने मान्य केलं असतं. पण तो असा हुशारही असतो, आपलंच नाव तेवढं खोडून चित्र काढतो, हे तिला नवीन होतं. ते पत्र उघडून बघावं असं तिला रोज वाटायचं. चार क्लिकचं काम. ती तिसऱ्या क्लिकपर्यंत जायची आणि लॅपटॉप मिटायची. वाक्य तर पाठ होतं, उघडून काय बघायचं? जेवताना बाबा म्हणाले, "काऊन वं, चेहरा असा काऊन केला? कोणी काही बोललं काय?" "काही नाही बाबा." "उर्वशी नाई आली लय दिवस झाले. बोलाव ना तिले. बेस पोरगी हाये, बोलाले बसली का मन भरते." बाबा तिच्याशी बोलताना वाक्य आधी जुळवून मग बोलायचे, साहेबासमोर उभं राहिल्यासारखे. हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. उर्वशीशी ते टाळ्या देत बोलायचे. इतके दिवस तिला ते बरं वाटत होतं, घरात आवाज होतो म्हणून. आता तेही आपल्याच ताटातून गेल्यासारखं वाटलं.

सुनावणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. सबनीस सर कोर्टात उभे राहणार होते आणि बाकीच्यांनी व्हिडिओवरून हजर राहायचं, काही अडलं तर तिथल्या तिथे टिपण पाठवायचं, असं ठरलं. धानोऱ्याच्या नेटवर्कचा भरवसा नव्हता, म्हणून उर्वशी पहाटेच्या बसने निघून साडेनऊला बल्लारपूरला पोचली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात आईने बाबांसाठी दिलेली चारोळीची पुडी. "भाऊ, तब्येत कशी हाये?" तिने दारातूनच विचारलं, आणि बाबा खाटेवरून उठून बसले. "तू आली, आता बरी हाये. काऊन, मायले नाई आणलं?" त्यांचं बोलणं सुरू झालं आणि नूतन खुर्च्या लावत राहिली. एका टेबलाशी दोन खुर्च्या. उर्वशी शेजारी येऊन बसली तेव्हा तिला घामाचा आणि बसच्या डिझेलचा वास येत होता. ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती. एकदाच तिने नूतनकडे वळून पाहिलं, जरा जास्त वेळ, आणि विचारलं, "ताई, सुरू व्हायच्या आधी काही सांगायचं हाये का?" नूतनला वाटलं, हे घाबरून विचारते आहे. "नाही," ती म्हणाली. "शांत बस. सगळं ठीक होईल." उर्वशीने मान हलवली आणि हेडफोन लावले.

सबनीस सरांनी सातवा दावा वाचला. उसेंडीबाईच्या जागेची गोष्ट त्यांनी इंग्रजीत सांगितली. वरिष्ठ न्यायाधीश हसले, कनिष्ठ न्यायमूर्तींनी काहीतरी लिहून घेतलं. मग समोरचे नवे वकील उठले. हडकुळे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी तासभर आकृत्यांवर खर्च केला, नूतनच्या मानेवरचा घाम वाळला, आणि मग अगदी सहज, जाता जाता सांगावं तसे म्हणाले, की न्यायालयाची परवानगी असेल तर पेटंट कार्यालयाच्याच नोंदीतलं एक पत्र दाखवतो. स्क्रीनवर ते उघडलं. पिवळट स्कॅन, किंचित तिरकं. वकिलांनी वाक्य वाचलं, 'एकाच प्रत्यक्ष रजिस्टरात राहते, हाच फरक होय.' मग खालची सही वाचली, एन. डी. देवगडे, पेटंट एजंट. त्या मोठ्या, थंड दालनात आपलं नाव उच्चारलेलं नूतनने पहिल्यांदाच ऐकलं. इतक्या दिवसांच्या चित्रात जे खोडलेलं होतं, ते सगळ्यांच्या समोर, मोठ्या अक्षरांत होतं. तिने शेजारी पाहिलं. उर्वशी पांढरी पडली नव्हती. ती टाइप करत होती: 'सर, फोल्डर नऊ, पान दोन. शीर्षक वाचा.' आणि सबनीस सरांनी गडबड न करता नववं फोल्डर उघडलं, जणू ते तिथे आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

सर म्हणाले, विद्वान मित्रांनी वाक्य वाचलं, त्याच्या वरची ओळ वाचली नाही. वरची ओळ होती: 'आक्षेप क्रमांक चार, दावा सातसंबंधी.' परीक्षकाने पहिल्या दाव्याबद्दल वेगळा आक्षेप घेतला होता आणि त्याचं उत्तर आधीच्या पानावर वेगळं दिलं होतं, तिथे 'प्रत्यक्ष' हा शब्दच नव्हता. म्हणजे पत्र लिहिणारीच्या मनात तेव्हाही हे स्वच्छ होतं, की तीच जागा धरतो तो सातवा दावा, पहिला नव्हे. "हे पत्र आमच्या विरुद्ध नाही," सर म्हणाले, "आमचा याहून चांगला साक्षीदार नाही." वरिष्ठ न्यायाधीश पुढे झुकून पान वाचू लागले. नूतनही वाचत होती. आपलंच पत्र, अकरा वर्षांनी, पहिल्यांदा. वाक्य तिला शब्दन्शब्द पाठ होतं आणि त्याच्या डोक्यावरची एक ओळ तिला आठवली नव्हती, कारण तिने पान उघडलंच नव्हतं. जे विष म्हणून तिने जपून ठेवलं, ते विष नव्हतंच. एकोणतीस वर्षांची ती मुलगी चोख होती. चाळीस वर्षांच्या बाईने तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

निकाल राखून ठेवला, असं सांगून न्यायाधीश उठले. उर्वशीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर हळूहळू गुंडाळली. आतून बाबा वडे तळत असल्याचा वास येत होता. "हे फोल्डर नऊ," नूतन म्हणाली, "सरांना कधी दिलंस?"

"अठरा दिवस झाले."

"म्हणजे तू मला फोन केलास तेव्हा..."

"नाई. तेव्हा मले खरंच माहीत नव्हतं, ताई. म्हणून तर विचारलं. चार दिवसांनी सापडलं, 'इतर'च्या गठ्ठ्यात, सगळ्यात खाली." उर्वशी वायरकडे बघत बोलत होती. "सही पायली अन् वाटलं, ताई विसरली असन. अकरा वर्षं झाले. उद्या आठवन, परवा आठवन, फोन येईन. मी रोज वाट पाहून राह्यली होती. मग समजलं, तुम्ही काही विसरत नाई."

आतून बाबांनी हाक मारली, गरम हायेत तवरक या. दोघींपैकी कुणी हललं नाही. नूतनला वाटलं, आता काहीतरी सांगता येईल, मुदत, लाज, तब्येत. तिच्याकडे कारणं तयार होती, नीट क्रमाने लावलेली. तिने त्यातलं एकही उचललं नाही. "आठवत होतं," ती म्हणाली. "तू पडावीस असं वाटत होतं."

उर्वशीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर नूतनला सोपं गेलं असतं. "माह्यासाठी मोठ्या माणसात तुम्हीच होत्या," ती म्हणाली. "आता मी कोणाले विचारू?" आणि उठून आत गेली. बाबांशी ती बोलत होती ते ऐकू येत होतं, वडे छान झाले म्हणत होती, पण टाळीचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने नूतन तिला स्कूटरवर बसस्टँडला सोडायला गेली. उर्वशीने मागे बसून सीटची कडी धरली होती, खांदा धरला नव्हता.

त्याच आठवड्यात नूतनने सबनीस सरांना कळवलं, की पत्र तिला आठवत होतं आणि तिने ते सांगितलं नव्हतं. सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं, सभ्य. हे प्रकरण यापुढे उर्वशी पाहील, असं त्यात होतं, आणि नूतनने आपली सगळी टिपणं तिच्याकडे द्यावीत. तिने दिली. मत्सर गेला म्हणावं, तर गेला नाही. नवं काम आलं, दुसऱ्या कुणाच्या पंपाचं, दुसऱ्या कुणाच्या झडपेचं, ती ते चोख करत राहिली; आणि ऑफिसच्या मेलमध्ये उर्वशीचं नाव दिसलं की तिची नजर अजूनही आधी कौतुकाचा शब्द शोधायची, मग मजकूर. बाबांना तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक झाली त होते, बाई. पण तिले एकटी नोको पाडू." कितीतरी वर्षांनी ते तिच्याशी वाक्य न जुळवता बोलले होते.

निकाल जुलैच्या अखेरीस आला. अपील मंजूर झालं होतं. 'उक्त रजिस्टर' या शब्दांत नावाचाही समावेश होतो, असं खंडपीठाने म्हटलं होतं, आणि प्रकरण पुढच्या चौकशीसाठी खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं होतं. उर्वशीने निकाल सगळ्यांना पाठवला होता, एकाही शब्दाशिवाय. नूतनने एकसष्ट पानं एका बैठकीत वाचली. बावन्नाव्या परिच्छेदाशी ती थांबली, मागे गेली, पेटंट उघडून ताडून पाहिलं. सातवा दावा उद्धृत करताना टंकलेखनात 'एकच' हा शब्द सुटला होता. त्या एका शब्दावाचून सातवा दावा आणि पहिला दावा जवळजवळ एकच वाचता येत होते. समोरची कंपनी वर जाणार हे ठरलेलं होतं. आणि गेली, तर त्यांचा वकील पहिल्यांदा याच फटीत बोट घालेल. हे उर्वशीच्या नजरेतून निसटलं होतं. सबनीस सरांच्याही. नूतन खुर्चीत मागे टेकली. आत, बरगड्यांखाली, ते जुनं गोड ऊन तिला स्पष्ट जाणवलं. तिने ते दहाएक श्वास तसंच राहू दिलं. नाही म्हणून ते जाणार नव्हतं. मग फोन उचलला.

सहाव्या रिंगला उर्वशी बोलली. "हं."

"बावन्नावा परिच्छेद उघड," नूतन म्हणाली. "तिसरी ओळ. 'एकच' सुटलाय. आजच दुरुस्तीचा अर्ज तयार करायला पाहिजे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग उर्वशी हळू म्हणाली, "हो. मले दिसलंच नाई." हेच शब्द ऐकण्यासाठी नूतनने काय काय केलं असतं. ते आले, आणि त्यांच्यात धापच होती फक्त, एका दमलेल्या मुलीची. "अजून कुठी असन का असं?" उर्वशीने विचारलं. तिच्या आवाजात ताई नव्हतं.

"माहीत नाही," नूतन म्हणाली. "मी एकदाच वाचलंय. आणि घाईत."

"मग पहिल्यापासून पाहावं लागन."

"पान एक," नूतन म्हणाली, आणि मोठ्याने वाचायला लागली.